काजळीचं पाकीट

॥ श्री ॥
६ मार्च

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. इकडे आम्ही तिघं देवाच्या कृपेनं ठीक आहोत. तू वर डोंगरात, दवाखान्याच्या त्या गारठ्यात, अंगभर पांघरून झोपतेस ना? रोग्यांची उशी सरळ करता करता नर्सबाईंनीच अंथरूण धरलं असं व्हायला नको.

आज दुपारी निवांत होते म्हणून जुनी पाकिटं उकलून, उलटी करून परत चिकटवली आणि सगळ्यांवर एकदमच तुझा पत्ता लिहून ठेवला. तू येईपर्यंत पुरतील. तुझे यजमान हसले. म्हणाले, पत्ते आधीच लिहून ठेवतेस, उद्या मजकूरही लिहून ठेवशील. मी म्हटलं, तुझ्यासारख्या मुक्याला तयार मजकूर मिळाला तर बरंच होईल. बायकोला दोन ओळी लिहायच्या म्हटलं की ह्याला गॅरेजातली सगळी इंजिनं आठवतात.

आता एका गोष्टीचा उलगडा तू कर, तू शिकलेली आहेस. तुझ्या लेकीला, आपल्या साळुंकीला, शाळेतून प्रयोग दिला. एका काळ्या कागदावर बर्फाचा खडा ठेवायचा, एका पांढऱ्या कागदावर ठेवायचा आणि दोन्ही गच्चीत उन्हात मांडायचे. आधी कोणता वितळतो ते बघून लिहायचं. मी म्हटलं, यात बघायचं काय? एकाच साच्यातला बर्फ, वरून एकच ऊन, दोन्ही जोडीनं जातील. तर काळ्यावरचा भराभर गेला आणि पांढऱ्यावरचा बोराएवढा शिल्लक! मला वाटलं, पोरीनं काळ्यावर बारका खडा ठेवला असेल. ती शाळेत गेल्यावर मी स्वतः परत करून पाहिलं. (हे तिला सांगू नकोस. बर्फ वाया घालवायचा नाही असं मीच तिला बजावलं होतं.) पुन्हा तेच. मग कागदांच्या जागा बदलल्या. तरी तेच.

ती म्हणते, काळा रंग ऊन पिऊन टाकतो, पांढरा परत पाठवतो. बाईंनी असंच सांगितलंय. पण मला ते पचत नाही. देव ऊन देताना हात आखडता घेत नाही, चांगल्या-वाईटावर सारखंच पडतं, असं मी आजवर धरून चालले. मग खाली काय अंथरलंय त्यावरून फरक का पडावा? विचार करून डोकं दुखायला लागलं, तेव्हा जप करत बसले.

पण खरं सांगायचं ते पुढंच आहे. प्रयोग झाल्यावर तिनं मला विचारलं, आईच्या रस्त्यावरचा बर्फ कशावर ठेवलेला आहे? मी म्हटलं, डोंगरावर. ती म्हणाली, म्हणजे पांढऱ्यावरच पांढरा. आणि गप्प झाली. दोन दिवस गप्पच आहे. जेवते, अभ्यास करते, पण बोलत नाही. साळुंकीचा आवाज बंद झाला की मला दुसऱ्याच्या घरात आल्यासारखं वाटतं. रस्त्यावरचा बर्फ कधी जाईल ते लिही. तू निघताना तिला सांगितलं होतंस की बर्फ गेला की आई आली. ते वाक्य ती विसरलेली नाही.

कळावे. लोभ आहेच, त्यात खंड नसावा.

तुझी,
आई


१३ मार्च

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी आणि माझ्या खोलीतली मैत्रीण, दोघी हसलो. तुम्ही गच्चीत एकट्या बर्फ मांडून बसलेल्या, हे डोळ्यांसमोर आलं. साळुंकीच्या बाईंनी सांगितलं ते खरं आहे. ऊन सारखंच पडतं, पण काळी वस्तू ते धरून ठेवते आणि तापते, पांढरी माघारी धाडते. देवाचं काही चुकत नाही, आई.

इथं सगळं ठीक. आमच्या वॉर्डात दम्याचे म्हातारे जास्त. खिडकीजवळच्या खाटेवर एक निवृत्त मास्तर आहेत, ते मला येता-जाता पाढे विचारतात आणि चुकले की गोळी घ्यायला नाही म्हणतात. हाताला भेगा पडल्या होत्या, आता बऱ्या आहेत. काल खालून टोमॅटोच्या पेट्या आल्या. स्वयंपाकीणबाईंनी आमटीत, भाजीत, सगळीकडे टोमॅटोच घातले. ताटात नुसता लाल रंग.

बर्फाचं मात्र काही सांगता येत नाही. यंदाचा फार हट्टी आहे. साळुंकीला सांगा, आई रोज त्याला रागावते. तिला माझ्या वाटणीचं जवळ घ्या. ती बोलत नाही हे वाचून जीव थाऱ्यावर नाही.

तुमचं लक्ष आहे म्हणून मी इथं उभी आहे. आशीर्वाद असू द्यावा.

आपली,
सून


॥ श्री ॥
२४ मार्च

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र साळुंकीला मोठ्यानं वाचून दाखवलं. बर्फ हट्टी आहे इथवर आल्यावर तिनं मान हलवली, जणू तिला ठाऊकच होतं. आणि त्या संध्याकाळपासून बोलायला लागली! पण काय बोलते ते मला समजेना. मला विचारते, आजी, हट्टी बर्फाला किती काळं लागतं? मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी काय बर्फाची मावशी?

तुझ्या पत्रानं माझा एक गोंधळ मिटवला आणि दुसरा उभा केला. तो असा. रस्ता बंद, म्हणून टपालवाला पायी चढून येतो, हे तू मागं लिहिलं होतंस. ठीक. पण टोमॅटोच्या पेट्या तो पाठीवरून आणतो का? गाडीतून आल्या असतील तर गाडी कुठून आली? टोमॅटो वर जाऊ शकतात आणि माणूस खाली येऊ शकत नाही, हे कसं काय? हा प्रश्न मी तुझ्या यजमानांना विचारला. ते चहाच्या कपात असे बघत राहिले की मला वाटलं माशी पडली. मग मिठाची गुळणी धरल्यासारखे उठून गेले.

घरातही काही सुचेनासं झालंय. देवापुढच्या कंदिलाची काच रोज मला पुसावी लागते. हल्ली ती आधीच लखलखीत असते. मला वाटलं, पोरीला भक्ती सुचली, बरं झालं. पण माझी काळी छत्री उघडली तर तिला बशीएवढं भोक! कात्रीनं कापलेलं, उंदराचं नव्हे. बुटांचं पॉलिश संपलं, आणि घरात बूट घालणारा माणूस एकच, त्याचे तर मळलेलेच. तुझ्या पत्त्याची पाकिटं मोजली तर एक कमी. मोजण्यात चुकणारी मी नव्हे, तरी दोनदा मोजली. विचारलं तर साळुंकी म्हणते, आजी, थोडे दिवस थांब, सगळं आपोआप कळेल. हे वाक्य मी तिच्या बापाला लहानपणी सांगायचे.

वय झालं की काय माझं? तूच काय ते लिही.

कळावे. लोभ ठेवावा आणि जमल्यास उत्तरही.

तुझी,
आई


२७ मार्च

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पाकीट आज मिळालं.

पत्ता तुमच्याच अक्षरात होता म्हणून मी ते वॉर्डातच, मास्तरांच्या खाटेशी उभं राहून उघडलं. काजळी भसकन उडाली. माझ्या एप्रनवर, मास्तरांच्या चादरीवर, माझ्या तोंडावरसुद्धा. मास्तर हसून म्हणाले, सिस्टर, माहेरून काजळ आलं वाटतं. मी हसले आणि चादरी ठेवायच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आत चिठी आहे का ते पुन्हा पुन्हा पाहिलं. एक अक्षर नव्हतं. नुसती काजळी आणि काळ्या कापडाचा तुकडा.

आई, तुम्ही मला कधी उणा शब्द बोलला नाहीत. आताही बोलला नाहीत. घराच्या तोंडाला काळं फासलंस, एवढंच सांगायचं होतं ना? ते पोचलं.

टोमॅटोचं लिहिलेलं पत्र पेटीत टाकलं आणि मला घाम फुटला. तुमच्यासारख्या हिशेबी बाईच्या नजरेतून ते सुटणार नाही, हे मला कळायला हवं होतं. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, तर माझ्या तोंडून ऐका. रस्ता फेब्रुवारीतच मोकळा झाला. गाड्या रोज येतात-जातात.

मोठ्या सिस्टरनी तेव्हाच सांगितलं होतं की पावसाळ्यापर्यंत रजा न घेता जी राहील तिला इथं कायम करतील आणि पुढं खालच्या दवाखान्यात बदली मागता येईल. म्हणजे नंतर जन्मभर घरी. मी ह्यांना गॅरेजच्या पत्त्यावर कळवलं, आणि आम्ही दोघांनी ठरवलं की घरी बर्फाचंच सांगायचं. मला वाटलं, बर्फाला तोंड नाही, तो कशाला चुगली करतोय?

पण हेही निम्मंच खरं आहे. खास मागितली असती तर दोन दिवसांची रजा त्या अटीतही बसली असती. मी मागितली नाही. खाली येऊन साळुंकीनं माझा पदर धरला असता तर तो सोडवून परत वर चढायचं बळ माझ्यात नाही. म्हणून मी रस्ता बंद ठेवला. तो बर्फानं नव्हे, मीच बंद केला.

तुम्ही द्याल ती शिक्षा मान्य. फक्त साळुंकीला काही सांगू नका.

आपली अपराधी,
सून


॥ श्री ॥
४ एप्रिल

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं. एकदा वाचलं, काही समजलं नाही. चष्मा पुसून वाचलं, तरी समजलं नाही. कसली काजळी? कुणाच्या तोंडाला काळं? मी तुला काही पाठवलेलंच नाही! मला वाटलं, वरच्या विरळ हवेनं तुझ्या डोक्यावर परिणाम झाला. मग पत्रातल्या कापडाच्या तुकड्याशी आले आणि उठून छत्री उघडली.

साळुंकीच्या खाटेखाली वाकले. (वाकले ती उठताना तुझ्या यजमानांना हाक मारावी लागली.) तिथं पॉलिशच्या डब्या, दोन बरण्या, एक फुटका पेला, सगळ्यांत काजळी, कोळशाची पूड, चुलीतली राख. वर चिठ्या. हट्टी बर्फासाठी. फार हट्टी बर्फासाठी.

शाळेतून आल्यावर तिला जवळ बसवून विचारलं. तिला वाटलं मी छत्रीवरून रागावणार, म्हणून आधीच रडून घेतलं. मग सांगितलं. तुझ्या रस्त्यावरचा बर्फ पांढऱ्यावर पांढरा, तो ऊन माघारी धाडतो, मग वितळणार कसा? त्यावर काळं शिंपडलं की ऊन आपलं काम करील. पहिलं पाकीट थोडंसंच पाठवलं, तुझ्या दारापुढं टाकून बघायला. उपयोग झाला की बाकीचं पाठवणार होती. तू हट्टी बर्फ लिहिलंस ना, तेव्हापासून पोर रोज पहाटे माझ्या आधी उठून काच खरवडत होती.

मी विचारलं, मग चार ओळींची चिठी का नाही घातलीस ग? तर म्हणे, हात काळे झाले होते, कागद खराब झाला असता, आणि कागद वाया गेलेला आजीला आवडत नाही.

माझी काटकसर अशी वर चढून तुझ्या तोंडावर उडाली.

आता माझं ऐक. मला राग आला. तो गिळून गोड लिहिलं तर तेही तुझ्या बर्फासारखंच होईल, म्हणून लिहिते. नोकरी कायम होते म्हणून थांबलीस याचा राग नाही. ते मला सांगितलं असतंस तर मीच तुला म्हटलं असतं, पाय रोवून थांब. मी पोरीला रोज सांगत होते की देवाला सांग, बर्फ वितळू दे. ती डोळे घट्ट मिटून सांगायची. देवासमोर मला खोटं पाडलंत तुम्ही दोघांनी. तुझ्या यजमानांना काल जेवताना एवढंच म्हटलं. मग म्हणाले, आई, पोरीला रोज सांगायचं ठरवायचो आणि रोज ती झोपलेली असायची. बरणीतली काजळी बघून मात्र बसून राहिले.

पण खाली आले तर परत चढायचं बळ नाही, हे तुझं वाक्य वाचलं आणि राग कुठं गेला ते मला समजलं नाही. अजून शोधते आहे.

मला एक सांग, रस्ता उघडा असला तर तो एकाच बाजूनं उघडा असतो का? टोमॅटो वर येतात तर आम्ही का नाही? महिनाअखेरीस शाळेला सुट्टी लागते. मी बाजारापलीकडं कारणाशिवाय कधी गाडीत बसले नाही, पण हे कारणाशिवाय नव्हे. मी आणि साळुंकी वर येतो. तुला रजाही घ्यावी लागणार नाही. निघताना पदर सोडवायची वेळ आली तर तो मी सोडवीन, मला ते जमतं. तिच्या बापाला शाळेत सोडताना रोज सोडवत होते.

अट एकच. खरं काय ते पोरीला तू सांगायचं. मी सांगणार नाही, आणि पुन्हा बर्फावर तर मुळीच ढकलू देणार नाही. तोवर ती काजळी जमवतच राहणार आणि माझ्या घरात एकही काळी वस्तू धड राहणार नाही.

कळावे. लोभ होता तेवढाच आहे, तू मोजू नकोस.

तुझी,
आई


११ एप्रिल

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं छत्रीचं पत्र माझं पत्र गेल्यावर तीन दिवसांनी मिळालं. आणि काल हे काजळीचं आलं. तिनं प्रेमानं पाठवलेली काजळी मी शाप समजून घासघासून धुतली, आई. एप्रनच्या खिशाच्या शिवणीत थोडी राहिली आहे. ती आता तशीच ठेवणार.

या या, लवकर या. मोठ्या सिस्टरना विचारलं. माझी मैत्रीण त्या दिवसांत दुसऱ्या खोलीत झोपायला तयार आहे. गाडी थेट दवाखान्याच्या फाटकापर्यंत येते. आणि मास्तरांनी साळुंकीसाठी सतराचा पाढा तयार ठेवलाय, तिला आधीच सावध करा.

सोबत तिच्यासाठी वेगळं पत्र आहे. त्यात सगळं खरं लिहिलं आहे, सोप्या शब्दांत. चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलं. कागद वाया गेला, क्षमा करा. तुम्ही ते आधी वाचा, मग तिला द्या. ती माझ्याशी बोलणार नाही याचीच भीती वाटते. कायमची नोकरी हातात येईल आणि ती मात्र गप्प राहील, असं झालं तर मी काय करू?

आणि एक वेडेपणा केला आहे, तिलाही तो लिहिला आहे. रस्त्यावर तर बर्फाचा मागमूस नाही, पण धुलाईघराच्या मागं, भिंतीच्या सावलीत, खाटेएवढा एक तुकडा अजून उरला आहे. रोज थोडा थोडा तो कमी होतो. तिनं ज्याच्याशी एवढं भांडण मांडलं तो बर्फ तिला एकदा तरी दिसावा म्हणून मी धुलाईवाल्या बाईंकडून फाटक्या पांढऱ्या चादरी मागून घेतल्या आणि त्याच्यावर घालून ठेवल्या. ड्यूटी संपली की जाऊन बघते. लोक मला हसतात. सारा हिवाळा तो जावा म्हणून तुम्ही देवाला सांगत होता, आता राहावा म्हणून मी सांगते आहे. देवही गोंधळला असेल.

वाट बघते आहे. माया असू द्या.

तुमची,
सून


॥ श्री ॥
१९ एप्रिल

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

गाडीची जागा धरली. सुट्टी लागली की दुसऱ्याच दिवशी निघतो, सकाळच्या गाडीनं. तुझे यजमान आम्हांला स्टँडवर सोडतील. ते जूनमध्ये येतो म्हणतात. हे त्यांनी स्वतःहून, पूर्ण वाक्यात सांगितलं.

साळुंकीचं पत्र मी आधी वाचलं नाही. ते तिच्या नावाचं होतं. तिनं गच्चीत जाऊन वाचलं, जिथं बर्फ मांडला होता तिथंच बसून. मी जिन्यात उभी होते. मग खाली आली आणि मला विचारलं, म्हणजे आईच्या रस्त्यावर काळं टाकायची गरजच नव्हती? मी म्हटलं, नव्हती. म्हणाली, म्हणजे आई येऊ शकत होती? मी म्हटलं, हो, येऊ शकत होती. तेव्हा तिनं खाटेखालच्या सगळ्या डब्या काढल्या आणि एकेक करून मोरीत धुतल्या. मी मदतीला गेले तर नको म्हणाली. मोरी अजून काळी आहे.

रात्रभर बोलली नाही. माझं देवापुढं काय काय बोलून झालं ते लिहीत नाही. सकाळी दूध पिता पिता म्हणाली, आजी, आईनं चादर बरोबर घातली, पण कडेनं दाबली का? वारा आत शिरला तर उपयोग नाही. झालं! तिथून जी सुटली ती अजून थांबलेली नाही. चादरीच्या दोन घड्या घालायला सांग, वर लाकडाचा भुसा मिळाला तर घालायला सांग, काळं कुत्रंसुद्धा जवळ बसू देऊ नको म्हणते.

मला मात्र हे काही केल्या कळत नाही. मी पांघरूण घेतलं की मला ऊब येते. मग तेच पांघरूण घेऊन बर्फ गार कसा राहतो? तिनं मला दोनदा समजावलं. दुसऱ्यांदा मी कळलं म्हटलं, पण ते तिला बरं वाटावं म्हणून. आता वर आल्यावर त्या मास्तरांनाच विचारीन, आणि सतराचा पाढा मीच म्हणून दाखवीन. मॅट्रिकला गणितात पहिली होते, हे कुणाला आठवत नाही.

पत्र संपवताना तिला विचारलं, आईला आणखी काही कळवायचं का? साळुंकीनं बराच विचार केला. मग म्हणाली, लिही, तुकडा तोवर गेला तर जाऊ दे. आईला मात्र तिथंच थांब म्हणावं. आम्ही येतोय.

कळावे. उरलेला लोभ समक्ष.

तुझी,
आई